पहिलं पान नसलेलं पुस्तक

१

गुरुवारी दुपारी साडेबारा वाजता चर्चच्या तळघरात अर्नेस्टीनने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, आणि आत कार्डं नव्हती.

डबा रिकामा असता तर उचलतानाच कळलं असतं. पण वजन बरोबर होतं. कार्डांच्या जागी कुणीतरी एक पातळसं पुस्तक ठेवलं होतं, किराणा दुकानाच्या तपकिरी पिशवीचं कव्हर घातलेलं. अर्नेस्टीन त्याच्याकडे बघत राहिली. आमच्या समितीचा प्रमुख लूशस मॅबरी पुढे झाला, त्याने डबा उलटा करून हलवला आणि पुन्हा सुलटा करून आत पाहिलं. जणू तेवढ्यात कार्डं परत आली असती.

ती चौतीस कार्डं होती. अमेरिकेच्या दक्षिणेत, मार्च १९६०चा तो आठवडा. शनिवारी सकाळी अकरा वाजता आम्ही कॉलेजातली मुलं ड्रेक्सलरच्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर ठिय्या देणार होतो. त्या दुकानात आम्हा काळ्या लोकांना सुया, पडदे, बूट, काय हवं ते विकत मिळायचं. कॉफी मात्र फक्त गोऱ्यांना. ठिय्याला बसणाऱ्या प्रत्येकाने आधी एक कार्ड भरायचं असा समितीचा नियम होता: नाव, आईवडिलांची नावं, पत्ता, वडील कुठे कामाला आहेत, आणि तुरुंगात गेल्यास कुणाला कळवायचं. तो तक्ता मीच टाइप केला होता, कारण समितीत टाइपरायटर चालवता येणारी मी एकटीच होते.

आता ही कार्डं भलत्या हाती पडली तर काय होणार हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कुणाचे वडील गोऱ्या जमीनदाराच्या शेतात राहत होते, कुणाची आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करत होती, कुणी शाळेत शिकवत होते. चौतीस घरांची अन्नपाण्याची दोरी त्या डब्यात होती, नावगावासकट.

बुधवारी चार वाजता डबा भरलेला होता हे मी शपथेवर सांगू शकत होते, कारण गठ्ठा मीच दोऱ्याने बांधला होता, शेवटचं कार्ड घालून. माझंच. ते भरायला मला चार दिवस लागले होते, आणि का लागले ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

लूशसने पुस्तक काखोटीला मारलं. मी त्याला हात लावला नाही. मग त्याने मान वर करून थेरॉन गॅयार्डकडे पाहिलं, आणि त्याच्यामागून आम्ही सगळ्यांनी.

२

थेरॉनकडेच का, ते सांगायला हवं.

टिल्मन पाद्रीसाहेबांच्या चर्चच्या तळघरात आमच्या तालमी चालायच्या. बाराजणांनी खुर्च्यांवर भिंतीकडे तोंड करून बसायचं, हाच काउंटर असं समजून. पाठीमागे दोघं उभे राहून गोऱ्या गुंडांचं सोंग करायचे. शिव्या द्यायच्या, खुर्ची ओढायची, मानेवर सिगरेटचा धूर सोडायचा, डोक्यावर टोमॅटो सॉस ओतायचं. बसणाऱ्यांसाठी एकच नियम होता, पण कडक. काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. वळलं की हात उठतो, आणि हात उठला की पोलिसांना हवं ते मिळतं.

बुधवारच्या तालमीत चार ते पाच मी आणि अर्नेस्टीन बसणाऱ्यांत होतो. लूशस आणि थेरॉन गुंड होते. त्यातही लूशसला साडेचारच्या सुमारास वर पाद्रीसाहेबांच्या खोलीत फोन आला आणि तो दहा मिनिटं गेला. म्हणजे दहा मिनिटं खोलीत बाराजण भिंतीकडे तोंड करून बसलेले आणि उघड्या डोळ्यांनी मागे वावरणारा थेरॉन एकटा. डबा होता जिन्याजवळच्या फळीवर, आमच्या पाठीमागे.

पाच वाजता लूशसने तळघराला कुलूप घातलं आणि किल्ली पाद्रीसाहेबांना दिली. गुरुवारी ते कुलूप आमच्या सगळ्यांसमोर उघडलं. तेव्हा जे झालं ते त्या एका तासातच झालं होतं.

थेरॉन न्यू ऑर्लीन्सचा. रंगाने इतका उजळ की ड्रेक्सलरमध्ये तो गोरा म्हणून खपायचा. शनिवारी त्याचं काम तेच होतं. गोऱ्यांमध्ये बसून कॉफी प्यायची, कोण काय बोलतंय, कोण कुणाला मारतंय ते डोक्यात साठवायचं आणि बाहेर येऊन वकिलाला सांगायचं. गरज होती तेव्हा आम्ही त्याच्या कातडीचं कौतुक केलं. आता तीच कातडी पुरावा झाली.

"दोन्ही पंगतींत जेवणारा माणूस," असं कुणीतरी मागून म्हणालं.

थेरॉन एवढंच म्हणाला, "मी घेतलेली नाहीत."

लूशसने निर्णय सांगितला. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांची सभा. तोवर कार्डं मिळाली नाहीत तर शनिवारचा ठिय्या रद्द, कारण घरच्यांना धोक्यात टाकून बसता येणार नाही. आणि थेरॉनला काढून टाकायचं.

त्या दिवशी वसतिगृहावर परतताना अर्नेस्टीन रडत होती. ती माझी खोलीतली जोडीदारीण. तिची आई ड्रेक्सलरच्या मुदपाकखान्यात भांडी धुवायची, म्हणजे लेक पुढे काउंटरवर बसणार आणि आई मागे. एरवी अर्नेस्टीन सगळ्यांची टर उडवायची, माझी जास्तच. ती लॅनफोर्ड शहरातली आणि मी चाळीस मिनिटं दूर, पिगन क्रीकच्या खेड्यातली. मी कॉलेजात आले त्या वर्षी ग्रंथपालबाईंना विचारलं होतं, की तुमच्या पुस्तकांना सुरुवातीला हे एक पान जास्तीचं कशाला असतं. माझ्या शाळेतलं एकही पुस्तक पहिल्या पानापासून सुरू होत नव्हतं, आणि पुस्तकं अशीच छापतात असं मला वाटायचं. हा किस्सा अर्नेस्टीनने दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर पुरवून पुरवून वापरला होता. त्या दिवशी तिला तोही सुचला नाही.

दारात पिंकनीबाई उभ्या होत्या; डब्याची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"लिओटा बास्कम," त्या मला म्हणाल्या, "टोपी काढ, तोंड धू आणि माझ्या खोलीत ये. कोण कुठे बसलं होतं ते मला कागदावर काढून दाखव."

३

व्हर्डेल पिंकनी आमच्या वसतिगृहाच्या मेट्रन. एकसष्ट वर्षांच्या, ताठ कण्याच्या. मुलींनी बाहेर जाताना वहीत नाव, वेळ, ठिकाण लिहायचं, टोपी आणि हातमोजे घालायचे, आणि भेटायला आलेल्यांनी दुसऱ्या वहीत सही करायची, हे त्यांचे कायदे. आम्ही त्यांना वचकून असायचो आणि पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. मी चांगली करायचे.

कॉलेजात येण्याआधी त्या चौदा वर्षं एका मोठ्या गोऱ्या घरात कामाला होत्या. त्यांनी मला चहा दिला आणि ते पहिल्यांदा सांगितलं.

"त्या घरात चांदीचा चमचा हरवला की आधी माझं नाव निघायचं. चमचा मागाहून शोधायचे. म्हणून मी चमचा शोधायला शिकले, नाव निघायच्या आत." त्यांनी माझा नकाशा पाहिला. "इथे नाव निघालंय. चमचा कुणी शोधलेलाच नाही."

गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी सकाळी त्यांनी मला बरोबर घेऊन सगळ्यांना विचारलं. मला का नेलं ते मला तेव्हा कळलं नाही. टिपणं काढायला, असं मी समजले.

लूशस चिडलेलाच होता. थेरॉनशिवाय कोण असणार, हे त्याने चार वेळा सांगितलं. फोन खरंच आला होता का, असं बाईंनी विचारल्यावर त्याचा चेहरा उतरला. आपल्यालाही कुणी असं विचारू शकतं हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. फोन वकिलाचा होता. पाद्रीसाहेबांनी तो आलेला ऐकला होता.

टिल्मन पाद्रीसाहेब थकलेले दिसले. मुलांना तळघर वापरू द्यावं की नाही यावर चर्चच्या कारभाऱ्यांमध्ये, म्हणजे डीकन लोकांमध्ये, भांडण होतं. बुधवारी पाचही डीकन वरच्या खोलीत त्यांच्यासमोर बसून चार ते साडेपाच नुसते तंडत होते.

"एकजण तरी मधे उठला असेल," बाई म्हणाल्या. "पाण्याला वगैरे."

"उठला असता तर त्याच्या माघारी मत घेतलं असतं ना," पाद्रीसाहेब म्हणाले. "एकही हलला नाही. मी प्रार्थना करत होतो की एखादा तरी हलावा."

मग बसणाऱ्यांची पाळी. बाई कुणालाच काय पाहिलं असं विचारत नव्हत्या, कारण आम्ही भिंत पाहिली होती. काय ऐकलं, एवढंच विचारत होत्या. बहुतेकांनी तेच सांगितलं: आरडाओरडा, खुर्च्यांचे पाय, अर्नेस्टीनचं शिंकणं. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की थेरॉन माझ्या मागे ओरडत होता, मग मधेच दोन श्वासांपुरता थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आणि हो, त्या दिवशी त्याने सॉस माझ्या डोक्यावर न ओतता खांद्यावर ओतलं. मला वाटलं, नवा ब्लाउज बघून दया आली असेल.

"ब्लाउज बघून कुणी खांद्यावर ओततं का," बाई म्हणाल्या. मला त्यांचं म्हणणं पटलं, पण पुढे काही सुचलं नाही.

"आता त्या मुलाला बोलाव," त्या म्हणाल्या. "गुरुवारपासून त्याला एकच प्रश्न सगळ्यांनी विचारलाय. मी दुसरा विचारणार आहे."

४

थेरॉन आला तो जेवलेला दिसत नव्हता. बाईंनी आधी त्याच्यापुढे कॉर्नब्रेड आणि ताक ठेवलं आणि तो खाईपर्यंत गप्प बसल्या. मग विचारलं, "लूशस वर गेला तेव्हा तळघरात कोण आलं?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"कोणी नाही, बाई. एक डीकन तेवढे आले होते."

मी लिहायची थांबले. बाईंनी कपाळावर आठीसुद्धा आणली नाही. डीकन लोक तळघरात येतच असतात. खुर्च्या न्यायला, गायकांचे झगे ठेवायला. म्हणून कुणी आलं का या प्रश्नात थेरॉनने त्यांना धरलंच नव्हतं. तो लूशसला म्हणालाही होता की एक डीकन येऊन गेले, आणि लूशसनेही त्यांना धरलं नव्हतं. चर्चमध्ये डीकन म्हणजे खांबासारखा, कुणी मोजत नाही.

"कोणते डीकन?"

थेरॉनला नाव माहीत नव्हतं. तो कॅथलिक, आमच्या चर्चमध्ये तालमीपुरताच यायचा. वयस्कर माणूस, काळा कोट, हातात कातडी पिशवी. मागच्या गल्लीतल्या दाराने आले, टोपी काढून हातात धरली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहिले. बराच वेळ. थेरॉनला जरा अवघडल्यासारखं झालं, कारण तो तेव्हा फार घाण बोलत होता. पण सोंग मधे सोडायचं नाही हा गुंडांसाठीही नियम होताच.

"काही बोलले?"

"एकदाच. मी सॉसची बाटली उचलली तेव्हा जवळ आले आणि हळूच म्हणाले, 'पोरा, तिचे डोळे सांभाळ.' मग मी खांद्यावर ओतलं. परत ओरडायला लागलो. नंतर वळून बघितलं तर ते गेले होते."

"पाच डीकन वर भांडत होते," बाई म्हणाल्या. "हा सहावा कुठून आला?"

थेरॉन माझ्याकडे पाहायला लागला. मी बाईंकडे पाहिलं नाही.

"कुणाचे डोळे?" बाईंनी विचारलं, जरी ते मघाशी मीच सांगून बसले होते.

थेरॉनने माझ्याकडे बोट केलं.

५

थेरॉन गेल्यावर बाईंनी खणातून ते पुस्तक काढलं. सकाळीच लूशसकडून आणलं होतं. त्यांनी ते टेबलावर, बरोबर माझ्यासमोर ठेवलं.

"काल तू याला हात लावला नाहीस," त्या म्हणाल्या. "आठजण होते. सगळ्यांनी हाताळलं. अर्नेस्टीनने तर वासही घेतला. तू टाइपिस्ट, समितीची प्रत्येक चिठ्ठी आधी तुझ्या हातात लागते, आणि तू दोन पावलं मागे सरलीस. लूशसला ते आठवत होतं. त्याला वाटलं तू घाबरलीस."

मी म्हटलं, घाबरलेच होते.

"उघड."

मी उघडलं. तपकिरी कागदाचे कोपरे आत दोनदा दुमडलेले होते, गोंद न लावता. चौथीचं अंकगणित. पुठ्ठ्यानंतर लगेच धडा सुरू. त्याच्या आधी जिथे एक पान असायला हवं तिथे पात्याने सरळ कापलेली बोटभर रुंदीची कड होती.

आमच्या शाळांना पुस्तकं गोऱ्यांच्या शाळांतून यायची, त्यांनी टाकून दिल्यावर. पहिल्या पानावर त्या मुलांची नावं असायची, दहा दहा वर्षांची, आणि खाली शिक्का: वापरण्यास अयोग्य. बहुतेक काळ्या शाळांत मुलं ती नावं वाचतच मोठी झाली. पिगन क्रीकमध्ये नाही. तिथला मास्तर नवे गठ्ठे आले की शाळा सुटल्यावर एकटा बसायचा, प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान कापायचा आणि वरून कव्हर घालायचा. मुलांना कधी कळलं नाही. मलासुद्धा कॉलेजात येईपर्यंत कळलं नाही, आणि मी तर त्याच्याच घरात जेवत होते.

"तुमच्या त्या ग्रंथपालबाईंच्या किश्श्यावर मीही हसले होते," पिंकनीबाई म्हणाल्या. "देव मला क्षमा करो. ठिय्याला बसणाऱ्याने आधी घरी पत्र लिहायचं, असाही तुमचा नियम आहे ना? आईला रेडिओवरून कळू नये म्हणून. तू काय लिहिलं होतंस?"

मी सांगितलं. काळजी करू नका, सगळ्यांची कार्डं चर्चच्या तळघरात बिस्किटांच्या डब्यात आहेत, काही झालं तर तासाभरात कळवतील. आईला धीर यावा म्हणून लिहिलं होतं.

त्यांनी भेटायला येणाऱ्यांची वही काढून बुधवारचं पान उघडलं. तीन वाजून पंधरा मिनिटं. हॉरेस बास्कम. लिओटा बास्कमला भेटण्यासाठी. पुढे दाराशी बसलेल्या मुलीच्या अक्षरात: बाहेर गेली आहे, चर्चमध्ये.

"ती गाढव तुला सांगायला विसरली," बाई म्हणाल्या. "हे मी गुरुवारीच पाहिलं होतं. पण मुलीला भेटायला येणं हा काही गुन्हा नाही. म्हणून बाकीचं जुळेपर्यंत थांबले. माझं चुकतंय असं तूच सांगशील, म्हणून तुला बरोबर घेऊन फिरले."

मला तसं सांगायचं होतं. पण चुकत नव्हतं. माझे वडील सरकारी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांची नेमणूक दर वर्षी मे महिन्यात गोऱ्यांचं शाळामंडळ करायचं. ती कार्डं मंडळाला नेऊन दिली असती तर त्यांची नोकरी जन्मभर पक्की झाली असती.

"दोनची बस आहे," बाई म्हणाल्या. "हातमोजे घे."

६

शाळा सुटली होती. दोन खोल्या, मधे शेगडी. बाबा टेबलाशी बसले होते आणि कार्डं त्यांच्यासमोर होती, दोऱ्याने बांधलेली. मला पाहून ते उठले, मग पिंकनीबाईंना पाहून त्यांनी कोटाचं बटण लावलं.

मी नमस्कार वगैरे काही केला नाही. विचारलं, "कुणाला दाखवलीत?"

"नाही दाखवली."

"दाखवणार होतात?"

"लिओटा," बाई म्हणाल्या.

"विचारू द्या तिला," बाबा म्हणाले, आणि मला उत्तर दिलं. "नाही. मी तुला घरी न्यायला आलो होतो. ते जमलं नसतं तर तुझं एकटीचं कार्ड काढून घेणार होतो. गठ्ठा बांधलेला होता, जिन्यावर सोडवायला वेळ नव्हता. पिशवीतलं पुस्तक वजनाला ठेवलं. वाटलं, शनिवारपर्यंत डबा कुणी उघडणार नाही, तोवर बाकीची परत आणून ठेवीन." मग म्हणाले, "वर्गातल्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला कोपऱ्यात उभं केलं असतं."

मी म्हटलं, तुमच्यामुळे एका मुलाला आम्ही चोर ठरवलंय.

"तो ओरडणारा? चांगला मुलगा आहे. सांगितल्यावर ऐकलं त्याने."

मग ते खाली बसले. "तीस वर्षं ती पानं कापली," ते म्हणाले. "माझ्या मुलांना ते दिसू नये एवढ्यासाठी. आणि तिथे तू बसली होतीस, माझ्याकडे पाठ करून, आणि सगळं अंगावर घ्यायला शिकत होतीस. धडा शिकावा तसं. मी मास्तर आहे. कोण नीट शिकलंय ते मला पाठीमागूनही कळतं. तुला खेचून न्यायचं म्हणून आलो होतो, आणि तुला हाकसुद्धा मारता आली नाही. वळली असतीस तर मीच तुझा धडा चुकवल्यासारखं झालं असतं."

पिंकनीबाई खिडकीबाहेर पाहायला लागल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बाबांनी दोरा सोडला. सगळ्यात वरचं कार्ड माझं होतं. "चौतीस कार्डं वाचली मी. त्यातले सहा बाप माझ्या हाताखाली शिकलेत. प्रत्येकाने बापाचं नाव लिहिलंय. आणि माझ्या मुलीच्या कार्डावर ही ओळ कोरी. कळवायचं कुणाला, तर पिंकनीबाईंना. मी मेलोय का, लिओटा?"

तेच होतं ते, ज्याला मला चार दिवस लागले होते. मी म्हटलं, "बाबा, मे महिन्यात नेमणूक आहे. तुमचं नाव तिथे असलं तर मंडळ तुम्हाला ठेवणार नाही."

"माहीत आहे."

त्यांनी पेन उघडलं आणि फळ्यावरच्या त्यांच्या गोल अक्षरात कोरी ओळ भरली. नाव, हुद्दा, शाळा. पिंकनीबाईंचं नाव खोडून तिथेही स्वतःचं लिहिलं. शाई वाळेपर्यंत कार्ड हवेत धरून ठेवलं.

"एका घरात कापाकापी करणारा एक पुरे," ते म्हणाले.

७

सहाच्या सभेत पिंकनीबाईंनी कार्डं लूशसच्या हातात दिली आणि बाहेरच्या कुणी ती पाहिलेली नाहीत, एवढंच सांगितलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण थेरॉन भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी उठले आणि माझ्या वडिलांनी काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं. आयुष्यात त्याहून अवघड काम मी शनिवारीसुद्धा केलं नाही.

लूशसने सगळ्यांसमोर थेरॉनची माफी मागितली. थेरॉन म्हणाला, ठीक आहे. मग माझ्या शेजारी येऊन बसला आणि अर्नेस्टीनला म्हणाला, "मला डीकन ओळखता येत नाहीत, पण तुलाही कुठे चोर ओळखता येतो." अर्नेस्टीन त्याच्याशी महिनाभर फार गोड वागली. तिला ते जड गेलं असणार.

मे महिन्यात काय झालं ते इथेच सांगून टाकते. शाळामंडळाचं एका ओळीचं पत्र आलं. बाबांनी नंतर अंत्यविधीवाल्यांची गाडी चालवली, सतरा वर्षं, आणि गाडी इतकी स्वच्छ ठेवायचे की लोक त्यावरून थट्टा करायचे. त्यांचे शेवटचे विद्यार्थी मला अजून भेटतात आणि सांगतात. मार्चमधल्या एका सोमवारी मास्तरांनी न कापलेली पुस्तकं वाटली, पहिल्या पानावरची नावं आणि शिक्का मोठ्याने वाचायला लावला, आणि मग शिक्क्याखाली आपापलं नाव लिहायला सांगितलं. चांगल्या अक्षरात.

शनिवारी अकरा वाजता आम्ही ड्रेक्सलरच्या स्टुलांवर बसलो. चार स्टुलं सोडून थेरॉन गोरा होऊन कॉफी पीत होता. कुणीतरी माझ्या डोक्यावर दूध ओतलं, मग सॉस, आणि तिथे माझे डोळे सांभाळायला सांगणारं कुणी नव्हतं. आग आग झाली. मी समोरच्या, केक ठेवलेल्या काचेच्या कपाटाकडे पाहत राहिले. वळले नाही.

आम्हाला पकडून नेलं त्या पोलीस चौकीत टेबलामागचा माणूस न बघता लिहीत होता. नाव झालं, वय झालं.

"बापाचं नाव?"

आदल्या दिवसापर्यंत माझं ठरलेलं होतं की इथे गप्प राहायचं. मारलं तरी गप्प.

"हॉरेस बास्कम," मी म्हटलं. "मुख्याध्यापक, पिगन क्रीक."

तो पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. सरकारी शाळा का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग तो लिहायला लागला, आणि त्याचं सगळं लिहून होईपर्यंत मी तिथून हलले नाही.